जखमेचं तोंड

बडोद्याला, फतेगंजच्या मिशन दवाखान्यात,
एकतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या जखमा धुतल्या.
सगळे सिस्टर म्हणायचे, काही मावशी,
आणि मांडवीचा एक म्हातारा सोनार
पट्टी सुटेपर्यंत गुजरातीत शिव्या द्यायचा,
मग हात जोडायचा.

कातडी फार घाईची असते.
तिला लाज झाकायची असते.
ती वरून भरून येते, गुलाबी, गुळगुळीत,
घरचे पेढे वाटतात.
आत पू तसाच.
मग एका रात्री ताप.

परबतभाई कडिया, पायात सळई गेलेला,
रोज विचारायचा,
टाका घालून मोकळं का नाही करत, बेन?
चिमट्याने गॉजची पट्टी आत सारत मी सांगायची,
तोंड उघडं ठेवायचं, भाई.
तळापासून भरू दे.
आधी तळ, मग कडा, कातडी सगळ्यात शेवटी.

इतकं मला येत होतं.

माझी आई, रूथबाई शिनगारे, गेली
तेव्हा विश्वामित्रीचं पाणी क्वार्टरच्या पायरीला लागलं होतं
आणि शाळेच्या आवारात मगर दिसली म्हणत होते.
आमोस, माझा भाऊ, मनमाडला, रेल्वेत.
तो आला नाही.
हे मी दफनाच्या दिवशी सांगितलं,
पाळकसाहेबांना सांगितलं,
दर वर्षी कबरीला चुना मारताना
न विचारणाऱ्यांनाही सांगितलं.
आला नाही.
गुळगुळीत.

मराठी उपासनेला आम्ही सतरा माणसं.
गुजराती उपासना सुटली की
त्यांच्याच गरम बाकांवर बसतो.
प्रभुभोजनाचा प्याला माझ्यापर्यंत यायचा
आणि मी ओठ लावल्यासारखं करून पुढे द्यायची.
एकोणीस वर्षं.
कुणाला कळलं नाही.
प्याल्याला कळत असेल.

आता लिहिते.
त्या संध्याकाळी मी सयाजीगंजच्या एसटीडी बूथवर गेले होते.
नंबर पाठ होता.
काचेच्या पेटीत उभी राहिले, रिसीव्हर कानाला,
आणि मनात आलं,
तिचं गू-मूत मी काढलं,
आता हा येणार, रडणार,
आणि लोक त्याला जवळ घेणार.
रिसीव्हर ठेवला.
नाही लागला का, बेन? बूथवाल्याने विचारलं.
नाही लागला, मी म्हटलं.
कोपऱ्यावरून सेव-उसळ घेतली, घरी आले.
खाल्ली. भूक लागली होती.
पहाटे आई गेली.

आत्मा म्हटलं की लोकांना कबूतर दिसतं, किंवा दिवा.
मला दिसतो कमरेखालचा तो व्रण,
अंथरुणाला खिळलेल्यांना होतो तो,
वरून रुपयाएवढा,
आत मूठ जाईल एवढा.
त्याला उपदेश नको असतो.
कुणीतरी बॅटरी जवळ धरून
आत बघायला हवं असतं,
नाक न मुरडता.
प्रभू उठला तेव्हाही
हातांची भोकं बुजवून आला नाही.
हे मी लहानपणापासून ऐकत आले.
ड्रेसिंगवाली म्हणून कधी ऐकलं नव्हतं.

गेल्या मंगळवारी फोन लावला.
तो रिटायर झालाय, ऐकू कमी येतं,
म्हणून मला ते दोनदा सांगावं लागलं,
दुसऱ्यांदा ओरडून.
शेजारच्या सूर्याबेनने कुकरच बंद केला.

मग बराच वेळ नुसता गाडीचा आवाज.
मनमाडला कुठली ना कुठली गाडी जातच असते.

शेवटचं काय खाल्लं होतं तिने?
त्याने विचारलं.
साबुदाण्याची पेज, मी म्हटलं. दोन चमचे.
तिसरा नको म्हणाली.
बरं, म्हणाला.
आणि ठेवला.

माफ केलं, असं तो म्हणाला नाही.
मीही टाका मागितला नाही.
रविवारी परत लावेन.
उचलेल, नाही उचलणार.

तोंड उघडं आहे अजून.
हुळहुळतं,
वारा लागला की.